हे शरीर कोणाचे?

आपण दिवसभरात 'माझे' हा शब्द किती वेळा उच्चारतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. माझे घर, माझा मोबाईल, माझा वेळ, माझी माणसे. यांतील प्रत्येक गोष्ट एक दिवस आपल्या हातून जाऊ शकते, हे आपल्याला ठाऊक असते. घर विकले जाते, मोबाईल हरवतो, माणसे दुरावतात. पण एका गोष्टीबद्दल 'माझे' म्हणताना मनाला शंकासुद्धा शिवत नाही. ती गोष्ट म्हणजे आपले शरीर. "माझं शरीर आहे, मी त्याचं काहीही करीन," असे वाक्य आपण किती सहज बोलून जातो!

सत्संगात आपण ऐकतो की, 'मी' म्हणजे हे शरीर नव्हे. ऐकताना मान डोलावतो. घरी येऊन आरशासमोर उभे राहिलो की मात्र 'हाच मी' असे वाटते. कानांनी ऐकलेले आणि डोळ्यांना दिसणारे यांचा मेळ बसत नाही.

म्हणून या लेखात आपण तोच प्रश्न जरा वेगळ्या वाटेने विचारू या. अध्यात्माची परिभाषा थोडा वेळ बाजूला ठेवू आणि शाळेतले जीवशास्त्राचे पुस्तक पुन्हा उघडू. पेशी, रक्त, हृदय, मज्जातंतू यांनाच विचारू की हे शरीर खरोखर कोणाचे आहे? आणि ते आपल्या मालकीचे नसेल, तर आपल्यावर कोणती जबाबदारी येते?

लहानशी खोली

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असल्याचे प्रसिद्ध केले. त्याला ओळीने मांडलेल्या लहान लहान रिकाम्या खोल्या दिसल्या. लहान खोलीला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून 'सेल' हे नाव आले. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात, मराठीत 'पेशी'. हिंदी लेखांचा मराठीत अनुवाद करण्याची सेवा करताना या शब्दापाशी गंमत होते, कारण हिंदीत 'पेशी' म्हणजे न्यायालयातील हजेरी! 'कोशिका' म्हणजे लहानसा कोश. तैत्तिरीय उपनिषदात जे पाच कोश सांगितले आहेत, त्यांतला सर्वांत बाहेरचा अन्नमय कोश, म्हणजे अन्नापासून बनलेला. शरीराला दिलेले हे नाव किती नेमके आहे, ते पुढे कळेल.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात, असा अंदाज आहे. 'लाख कोटी' हा शब्द आपण एरवी फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो. विशेष म्हणजे जवळपास तेवढेच जिवाणूही आपल्या शरीरात राहतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. ते आकाराने फार लहान असल्यामुळे सगळ्यांचे मिळून वजन पाव किलोच्या आसपासच भरते. संख्येने पाहिले, तर आपल्या घरात आपण आणि पाहुणे जवळजवळ सारखेच आहोत.

हे पाहुणे फुकटे नाहीत. त्यांतले काही आपल्यासाठी 'के' जीवनसत्त्व तयार करतात, काही आपल्याला न पचणारे तंतू फोडतात. आणि निसर्गाने त्यांचा पाहुणचारही मांडून ठेवला आहे. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यात वसणाऱ्या उपकारक जिवाणूंचे अन्न असतात. म्हणजे आई बाळाला पाजते, तेव्हा तिच्या नकळत बाळाच्या पाहुण्यांचीही पंगत वाढली जाते. 'माझे शरीर' म्हणताना या पंगतीत बसलेल्यांना आपण धरतो का?

शिल्लक किती, उलाढाल किती

आता शरीराच्या जमाखर्चाकडे पाहू. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातील बहुतेक पेशी ३ ते ५ दिवसांत बदलतात. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो. रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. हाडेसुद्धा स्थिर नाहीत, ती सतत थोडी थोडी मोडली आणि पुन्हा बांधली जातात.

'दर सात वर्षांनी माणसाचे संपूर्ण शरीर नवे होते' असे एक वाक्य आपण प्रवचनांत आणि मोबाईलवरच्या संदेशांत ऐकतो. ते पूर्ण खरे नाही. मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशी बहुतांशी जन्मभर त्याच राहतात. डोळ्यातील भिंगाचा गाभा तर आपल्या जन्माआधी तयार झालेला असतो. अध्यात्माची बाजू बळकट करण्यासाठी विज्ञानात अतिशयोक्तीची भर घालण्याची गरज नसते. खरे आहे तेवढेच पुरेसे आश्चर्यकारक आहे. जन्मभर टिकणारी ती चेतापेशीही क्षणोक्षणी बाहेरून आलेल्या ऑक्सिजनवर आणि साखरेवर जगते. पुरवठा काही मिनिटे थांबला तरी ती मरू लागते.

वाणिज्य शाखेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की, खात्यातून मोठी रक्कम फिरली म्हणजे ती सगळी खातेदाराची मालमत्ता होत नाही. उलाढाल वेगळी आणि मालकी वेगळी. शरीर हे असे उलाढालीचे खाते आहे. आजच्या भाकरीतले अणू काल शेतात होते, परवा मातीत. आत्ता घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन कुठल्या तरी झाडाने किंवा समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींनी सोडलेला आहे. पृथ्वीवर तयार होणाऱ्या ऑक्सिजनपैकी साधारण निम्मा समुद्रात तयार होतो. ज्यांनी समुद्र कधी पाहिलाही नाही, त्यांच्याही श्वासात तो आहे.

दुसऱ्याची संपत्ती सांभाळणारा, ती नीट वापरणारा, पण तिचा मालक नसणारा माणूस म्हणजे विश्वस्त. महात्मा गांधींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्ताची कल्पना मांडली. धनवानाने स्वतःला धनाचा मालक न मानता विश्वस्त मानावे, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना शरीरालाही लावता येईल का? लावली, तर विश्वस्ताने वागावे कसे? याचे उदाहरण दूर शोधायला नको, ते आपल्या रक्तातच आहे.

सोपवलेल्याला हात न लावणारी

लाल पेशीचे काम ऑक्सिजन वाहून नेण्याचे. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे ४ रेणू उचलू शकतो. म्हणजे एका खेपेत १०० कोटींहून अधिक ऑक्सिजनचे रेणू! फुप्फुसातून निघून, शरीरात फिरून, पुन्हा फुप्फुसात यायला तिला साधारण एक मिनिट लागतो. विश्रांती नाही, सुट्टी नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. एवढा ऑक्सिजन वाहणारी ही पेशी स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही. ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका नावाची यंत्रणा पेशीत असते, ती लाल पेशी परिपक्व होतानाच गमावते. केंद्रकही सोडून देते. त्यामुळे हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. तिला स्वतःला जगायला ऊर्जा लागतेच. ती रक्तातील ग्लुकोजपासून, ऑक्सिजनशिवाय, थोडीशी ऊर्जा मिळवते. उपाशी ती राहत नाही. मात्र जे इतरांसाठी सोपवले आहे, त्याला हात लावत नाही.

एखाद्या संस्थेचा खजिनदार डोळ्यांसमोर आणा. त्याच्या हातून लाखो रुपये जातात. त्याने घर उपाशी ठेवावे असे कोणी म्हणत नाही. त्याने आपला पगार घ्यावा, पण देणगीच्या पेटीला हात लावू नये, एवढेच अपेक्षित असते. लाल पेशी अगदी हेच करते. १२० दिवसांनी ती थकली की प्लीहा आणि यकृत तिला मोडून तिच्यातले लोह काढून घेतात आणि नव्या पेशींसाठी वापरतात. आपल्याला रोज लागणाऱ्या लोहापैकी बहुतेक असे जुन्या पेशींकडूनच मिळते, अन्नातून फक्त १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. जाताना तिजोरीची किल्ली पुढच्याच्या हाती देऊन जावे, तसे हे आहे.

हृदय आपला वाटा कसा घेते

इथे एक धोका आहे. लाल पेशीचे कौतुक ऐकून आपण घरातल्या किंवा सेवेतल्या एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवून म्हणू शकतो, "बघा, आमची आई अगदी अशीच. सगळ्यांना वाढते, स्वतःसाठी काही ठेवत नाही." आणि ती खरेच उरलेसुरले, शिळे, थंड झालेले खात असते. आपण त्याला त्याग म्हणतो आणि आपली सोय करून घेतो. आपल्या केंद्रांवरही पहाटेपासून रात्रीपर्यंत सेवा करून आजारी पडणारे कार्यकर्ते असतात आणि त्यांच्या आजारपणाचेही आपण कौतुक करतो.

शरीर असे करत नाही. हृदयाकडे पाहा. दिवसाला सुमारे १ लाख ठोके देऊन ते सर्वांना रक्त पोहोचवते. त्याच्या कप्प्यांत रक्त सतत भरलेले असते, तरी त्याचा जाड स्नायू त्या रक्तावर पोसला जात नाही. रक्त बाहेर पडून महारोहिणीत गेले की तिच्या अगदी पहिल्या शाखा हृदयाकडेच वळतात. त्या वाटेने हृदय स्वतःचा हिस्सा घेते, विश्रांतीच्या वेळी एकूण रक्तप्रवाहाच्या साधारण ५ टक्के. ना चोरून, ना शेवटी उरले तर. सगळ्यांसाठी असलेल्या रीतीने, पण वेळेवर आणि गरजेपुरते. ज्या दिवशी हृदयाचा हा वाटा अडतो, त्या दिवशी सगळ्या शरीराचे अन्न अडते. त्यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण तो २० टक्के ऊर्जा घेतो. म्हणून इतर अवयव तक्रार करत नाहीत, कारण त्याचे कामच तसे आहे. शरीरातली वाटणी सारखी नसते, ती गरजेप्रमाणे असते. तेव्हा निःस्वार्थ असणे म्हणजे स्वतःला उपाशी ठेवणे, असा अर्थ शरीराच्या शाळेत तरी शिकवला जात नाही. सेवा करणाऱ्याचे ताट आधी वाढणे हाही सेवेचाच भाग आहे.

गळणारे पान आणि न गळणारे पान

आईच्या पोटात आपला हात प्रथम वल्ह्यासारखा सपाट असतो. नंतर बोटांच्या मधल्या पेशी ठरलेल्या वेळी शांतपणे मरतात आणि बोटे सुटी होतात. आज आपण हात जोडतो, जपमाळ ओढतो, ते त्या पेशी गेल्या म्हणून. या नियोजित मृत्यूला १९७२ साली शास्त्रज्ञांनी 'ॲपॉप्टोसिस' हे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे असा आहे. पिकले पान गळते आणि झाड जगते.

याच्या उलट कर्करोगाची पेशी. तिला थांबण्याचे संकेत मिळतात, पण ती ऐकत नाही. शेजारणींच्या जागेत शिरते, स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेते, वाढतच राहते. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी महिलेच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ साली डॉक्टरांनी घेतल्या. त्याच वर्षी वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. तिच्या पेशी आजही जगभरातल्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. मरण नाकारलेली पेशी 'अमर' झाली, पण ती जिच्यात होती ती व्यक्ती राहिली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कर्करोग झालेल्या माणसाचा यात कोणताही नैतिक दोष नसतो. 'मनात काही साठवले म्हणून झाला' किंवा 'कर्माचे फळ' असे रुग्णाला ऐकवणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे आहे. आपण पेशीच्या वागण्याकडे पाहून आपल्या वागण्याबद्दल विचार करत आहोत, आजारी माणसाचा न्याय करत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

विचारी वाचकाच्या मनात एक आक्षेप आला असेल. पेशी काही निवड करत नाही. तिला त्याग माहीत नाही आणि लोभही नाही. मग तिच्यापासून नीती कशी शिकायची? शिवाय निसर्गात कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, जळू रक्त पिते. त्यांनाही गुरू करायचे का?

आक्षेप योग्य आहे. निसर्गात जे घडते ते सगळे आपण करावे, असे सिद्ध होत नाही. निसर्ग आज्ञा देत नाही, तो आरसा दाखवतो. त्यात काय पाहायचे आणि काय स्वीकारायचे, हे विवेकाने ठरवावे लागते. पेशीला जे न निवडता करावे लागते, ते आपल्याला निवडून करता येते. माणूसपणाचे मोल त्या निवडीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. समाजाला शरीराची उपमा देऊन आपल्या देशात कोणाला मस्तक ठरवले गेले, कोणाला पाय, आणि पायांना कमी लेखले गेले. या उपमेने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या दुखावले आहे. जीवशास्त्र मात्र वेगळेच सांगते. लाल पेशीसारखे काही अपवाद सोडले, तर तळपायाच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत एकच डीएनए असतो, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा तोच ग्रंथ, संपूर्ण. पायाच्या पेशीला त्याची अर्धीच पाने मिळाली आहेत, असे नसते. कोणते पान कुठे वाचले जाईल, एवढाच फरक. शरीरात कामे वेगवेगळी आहेत, पण जन्माने उच्च-नीच कोणी नाही.

याच अंगाने आणखी एक विचार. 'शरीर माझे नाही' हे वाक्य फक्त स्वतःबद्दल म्हणायचे आहे. ते दुसऱ्याला ऐकवायचे नाही. शरीर माझ्या मालकीचे नाही, याचा अर्थ ते नवऱ्याच्या, कुटुंबाच्या, संस्थेच्या किंवा शासनाच्या मालकीचे आहे, असा होत नाही. विश्वस्त मीच आहे, म्हणून निर्णयही माझाच. हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींनी वैद्यकाचे फार भले केले, तरी त्या तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या होत्या, हे सल आजही जात नाही. विचारून मिळते ते दान. न विचारता घेतले, तर ते कितीही सत्कार्याला लागले तरी दान होत नाही.

वेदना पोहोचते तिथपर्यंत

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. कोणता अवयव माझा आहे, हे मला कशावरून कळते? तामिळनाडूतल्या वेल्लोर इथे डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात, कारण रोग मांस खातो, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की, रोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात आणि वेदनाच नाहीशी होते. मग तापलेले भांडे हातात धरले तरी कळत नाही, पायात खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत आणि रुग्णाला जागही येत नसे. बोटे रोगाने थेट खाल्लेली नसत, दुर्लक्षित जखमांनी गेलेली असत. असे रुग्ण आपल्या हातापायांकडे स्वतःचा भाग म्हणून न पाहता अवजारासारखे पाहू लागतात, असेही त्यांच्या लक्षात आले. (आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि लवकर उपचार घेतले, तर व्यंगही टाळता येते.)

आपण वेदनेपासून सुटका मागतो. पण ज्याची वेदना कळत नाही, ते आपले राहत नाही. 'मी' कुठपर्यंत आहे, याचे उत्तर त्वचेपाशी थांबत नाही. माझ्यापर्यंत जिथवरची वेदना पोहोचते, तिथवर मी आहे. मूल तापाने फणफणले की आईला झोप लागत नाही, ती त्या मुलापर्यंत पसरलेली असते. संतांचा 'मी' सर्व जिवांपर्यंत पसरलेला असतो, असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ याहून वेगळा काय असणार?

मात्र नुसती वेदना कळून भागत नाही. याचे एक कडू उदाहरण आपल्या देशात घडले आहे. जटायूचे वंशज म्हणून आपण ज्यांच्याकडे पाहतो, ती गिधाडे १९९० च्या दशकात अचानक मरू लागली. राजस्थानातल्या भरतपूर अभयारण्यात ही घट प्रथम टिपली गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. कारण कळायला २००४ उजाडले. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिले जात होते. असे जनावर मेले की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. मुंबईतल्या पारशी समाजाचे दख्मे ओस पडले. गावोगावी मेलेली गुरे उघड्यावर सडू लागली.

त्या औषधामागे क्रौर्य नव्हते. गाईचे दुखणे कमी व्हावे, हीच इच्छा होती. करुणा होती, पण ती गाईपाशी थांबली होती. गाईनंतर कोण, ही साखळी तिला माहीत नव्हती. २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना अपाय न करणारा पर्यायही मिळाला, म्हणजे गाईचे दुखणेही थांबते आणि गिधाडही वाचते. हरियाणातल्या पिंजोर इथे गिधाडांचे प्रजनन केंद्र चालते. पण मोडायला काही वर्षे लागली आणि सावरायला पिढ्या लागतील. हृदयातली दया आणि डोक्यातले ज्ञान, दोन्ही बरोबर चालले तरच सेवा पूर्ण होते.

हिशेब देण्याची वेळ

विश्वस्ताचे काम शेवटी हिशेब देऊन संपते. आपल्यालाही एक दिवस हे खाते बंद करायचे आहे. त्या दिवशी आपण काय करू शकतो?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला पारदर्शक पटल असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, नाहीतर ते पारदर्शक राहिलेच नसते. ते मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून ऑक्सिजन घेते. म्हणूनच मृत्यूनंतर काही तास ते उपयोगी राहते आणि दुसऱ्याला बसवताना सहसा रक्तगट जुळवावा लागत नाही. पटलामुळे दृष्टी गेलेल्या दोन व्यक्तींना एका माणसाचे दोन डोळे प्रकाश देऊ शकतात.

घरात हा विषय काढला की, एक वाक्य हमखास ऐकू येते: "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं जन्माला येतं." बोलणाऱ्या आजीला हसू नये, त्यामागे भीती असते आणि मायाही. पण तिच्याशी शांतपणे बोलता येईल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शरीराला जुन्या वस्त्राची उपमा दिली आहे. टाकून दिलेल्या सदऱ्याचे बटण कोणाच्या कामी आले, म्हणून नवा सदरा बटणाशिवाय शिवला जातो का? आणि दधीची ऋषींनी तर जिवंतपणी आपल्या अस्थी दिल्या. त्यांना आपण अपूर्ण म्हणत नाही, महर्षी म्हणतो.

काही गोष्टी आधी माहीत असाव्यात, कारण त्या प्रसंगी शोधायला वेळ नसतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, जवळच्या नेत्रपेढीला कळवावे लागते. तोपर्यंत पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच ठेवावे. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह असला, तरी सहसा नेत्रदान करता येते. काही संसर्गजन्य रोगांत करता येत नाही, ते डॉक्टर ठरवतात. प्रक्रिया थोड्या वेळात होते आणि चेहरा विद्रूप होत नाही. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अखेरची संमती घरचे देतात. त्यामुळे नुसता अर्ज भरून कपाटात ठेवला तर उपयोग नाही. जेवताना, सगळे जमलेले असताना, हे बोलायला हवे. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा असतो, ते निमित्तही चालेल.

कोणाला हे मानवत नसेल, तर त्याला कमी लेखू नये. दान हे आतून उमलले तरच दान. आणि विश्वस्तपण फक्त मरणापुरते नसतेही. रक्तदान जिवंतपणी करता येते. व्यसन न करणे, पुरेशी झोप घेणे, हाही सोपवलेल्या ठेवीचा सांभाळच आहे.

या आठवड्यासाठी चिंतन

साधनेला बसाल, तेव्हा पहिली दोन मिनिटे यातल्या एका प्रश्नाला द्या.

या क्षणी माझ्या रक्तातून फिरणारा ऑक्सिजन कोणाकडून आला?

माझ्याकडे सोपवलेली अशी कोणती गोष्ट आहे, जिला मी नकळत माझी समजू लागलो आहे?

माझ्या घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणारे कोण आहे? आज त्यांचे ताट मी आधी वाढू शकतो का?

कोणाची वेदना माझ्या शेजारी असूनही माझ्यापर्यंत पोहोचत नाही?

हे शरीर कोणाचे, याचे उत्तर शब्दांत देण्याची घाई नको. सूर्य, समुद्र, माती, आई, अगणित न दिसणारे जीव, सगळ्यांनी मिळून ते काही काळासाठी आपल्या हाती दिले आहे. त्यांना जोडणाऱ्या शक्तीला कोणी ईश्वर म्हणतो, कोणी निसर्ग. नाव काहीही घ्या. हाती आहे तोवर ते स्वच्छ राहो, कामी येवो, आणि परत देताना आपल्या मनात कुरकुर नसो, एवढीच प्रार्थना.